रिकामी गव्हाण : आगमनकाळातले २८ दिवस

२०२२ साली नाताळ रविवारी आला होता. असं होतं त्या वर्षी आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचा चार रविवारांचा वाट बघण्याचा काळ, पूर्ण चार आठवडे भरतो, २७ नोव्हेंबर ते २४ डिसेंबर, बरोबर २८ दिवस. एरवी तो कमी भरतो, नाताळ सोमवारी आला तर चौथा आठवडा म्हणजे फक्त एक रविवार आणि त्याच रात्री नाताळची मिस्सा (चर्चमधली उपासना). जन्मापासून चर्चला जातेय तरी हे मला त्या वर्षीच कळलं कारण आमच्या वसईत डिसेंबर लागला की घराला रंग, पडदे, कलकल (आमचा नाताळचा गोड फराळ) आणि करंज्या, येशूजन्माच्या गोठ्याच्या देखाव्याचं सामान, कॅरलची प्रॅक्टिस यातच सगळा महिना निघून जातो, आणि वेदीवर जांभळा कपडा दिसला की आगमनकाळ लागला, एवढाच काय तो त्याचा संबंध.

त्या वर्षी मला यातलं काहीच नको होतं. ९ नोव्हेंबरला आमच्या दुसऱ्या आयव्हीएफचा रिपोर्ट निगेटिव्ह आला होता. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, ज्यांनी ती पोटातली इंजेक्शनं रोज ठरलेल्या वेळेला घेतलीत आणि रिपोर्टच्या दिवशी सकाळपासून फोन हातात धरून बसल्यात त्यांना सांगायची गरज नाही आणि बाकीच्यांना सांगून कळत नाही. एवढंच सांगते की प्रार्थना बंद झाली. म्हणजे रोझरीला, जपमाळेच्या प्रार्थनेला बसायचे, तोंडाने सगळं म्हणायचे, पण आत काहीच हलायचं नाही. सात वर्षं एकच गोष्ट मागितलेली, आता मागायचीच भीती वाटायला लागली.

आमच्या फादरांना हे मी सांगितलं, कन्फेशनच्या (पापकबुलीच्या) रांगेत नाही, बाहेर पिंपळाखाली उभं राहून. त्यांनी उपदेश केला नाही. म्हणाले, मागवत नसेल तर मागू नकोस, आगमनकाळ लागतोय, रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं फक्त बस, दिवसाचं वाचन वाच, त्यातलं एक वाक्य घे आणि तेवढंच धरून गप्प राहा. नवऱ्याला पण बसव. तो नाही म्हणाला तरी बसव.

तर असं सुरू झालं. रोज साडेआठला, जेवणं झाल्यावर.

नवऱ्याने मेणबत्त्यांचं चक्र बनवलं. इकडे ख्रिसमस ट्रीच्या खऱ्या फांद्या कुठून मिळणार, भुईगावच्या किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत, तिथे खाली पडलेल्या फांद्या गोळा करून आणल्या आणि तारेच्या रिंगणावर गुंडाळल्या. तीन जांभळ्या मेणबत्त्या आणि एक गुलाबी लागते, दर रविवारी एकेक पेटवायची, गुलाबी कुठे मिळाली नाही म्हणून पांढरीला गुलाबी रिबन बांधली. सुरूच्या त्या सुयांचा वास पहिल्या दिवशी अख्ख्या हॉलमध्ये भरला होता, समुद्राचा आणि राळेचा मिळून असतो तसा.

या चक्राची गोष्ट मला फार आवडते. जर्मनीत हॅम्बुर्गला योहान हिनरिख विखर्न नावाचे पाळक होते, गरीब मुलांसाठी आश्रम चालवायचे. ती मुलं रोज विचारायची, नाताळ आला का, नाताळ आला का. म्हणून १८३९ साली त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर २० छोट्या लाल आणि ४ मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या आणि रोज एक पेटवायला सुरुवात केली. किती दिवस राहिले ते मुलांना डोळ्यांनी दिसावं म्हणून. हे प्रोटेस्टंट लोकांचं, आमच्या कॅथलिक घरात नंतर आलं. पण मला त्यातली ती मुलंच दिसत राहतात, अनाथ, रोज तोच प्रश्न विचारणारी, आणि त्यांना गप्प बसा न म्हणता चाकावर मेणबत्त्या लावून उत्तर देणारा तो माणूस.

चक्राच्या बाजूला आम्ही एक गव्हाण ठेवली, नवऱ्याने फळ्यांच्या तुकड्यांची ठोकून केलेली, वीतभर लांब. रिकामी. बाकी गोठा नंतर करणार होतो. रोज प्रार्थना झाली की भाताच्या पेंढ्याची एक काडी त्यात टाकायची. हे काम दिराच्या मुलीने स्वतःकडे घेतलं, ती तेव्हा पाच वर्षांची होती. पहिल्याच दिवशी तिने वाकून आत बघितलं आणि विचारलं, "काकी, बाळ कुठंय?"

मी म्हटलं, "अजून आलं नाही."

"कधी येणार?"

माझ्या सासूबाई लगेच उठून किचनमध्ये गेल्या. जाऊबाईने मुलीचा हात धरला. मीच तिला सांगितलं की आपण वाट बघायची. हे बोलताना आवाज कसा काढला ते माझं मला माहीत.

पहिला आठवडा वाईट गेला. आपल्याला वाटतं आगमनकाळ म्हणजे गोजिरं बाळ, पण पहिल्या रविवारचं शुभवर्तमान (बायबलमधल्या येशूच्या चरित्रातला उतारा) बाळाचं नसतंच, त्या वर्षी मत्तयने लिहिलेलं होतं, नोहाच्या दिवसांचं, लोक खात होते पीत होते लग्न करत होते आणि जलप्रलय आला, म्हणून जागे राहा. १६ डिसेंबरपर्यंतचा भाग प्रभू पुन्हा येणार त्याची वाट बघण्याचा आणि १७ पासून बेथलेहेमच्या जन्माची तयारी, अशी याची रचना आहे. मला जागं राहा म्हणून कोणी सांगायची गरज नव्हती, झोप येतच नव्हती. पंधरा मिनिटं बसलं की मोबाईल वाजायचा, नवरा दिवसभराचा दमून पेंगायचा, माझ्या डोक्यात डॉक्टरांच्या बिलाचा हिशेब चालायचा. गुरुवारी तर मी मध्येच उठून भांडी घासायला घेतली.

मदत झाली ती ट्रेनमध्ये. आमच्या विरार लोकलच्या लेडीज डब्यात माझी एक मैत्रीण आहे, मूळची नगरची, त्यांचं चर्च उत्तर भारत ख्रिस्तमंडळाचं. तिला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, अगं आमच्याकडे लहानपणापासून एक प्रार्थना आहे, आगमनाच्या पहिल्या रविवारची, ती नुसती रविवारी नाही, नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत रोज म्हणायची असा जुना नियम आहे, आमची आजी तर चुलीपुढे म्हणायची. अंधाराची कामं टाकून देऊन प्रकाशाची शस्त्रसामग्री अंगावर चढवण्याची कृपा आम्हाला दे, असा तिचा अर्थ. ही प्रार्थना थॉमस क्रॅनमर यांची, १५४९ च्या इंग्लंडमधल्या प्रार्थनापुस्तकातली, आणि मूळ शब्द बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्रातले, १३ वा अध्याय. त्या रविवारी आमच्या मिस्सेत दुसरं वाचन नेमकं तेच होतं, मी ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं. मीरा रोडला गर्दी आत घुसली, ती माझ्या खांद्याला टेकून उभी होती आणि पुटपुटत म्हणून दाखवत होती. तिने सांगितलेली एक गोष्ट मला पटली. ती म्हणाली, रोज नवीन शब्द शोधू नको, तेच ते म्हण, शब्द जुने झाले की मग ते आपल्याला उचलतात. आम्ही ती प्रार्थना सुरुवातीला म्हणायला लागलो. नवरा ओठ हलवायचा नाही, पण ऐकायचा.

दुसऱ्या आठवड्यात बाप्तिस्मा करणारा योहान येतो, अरण्यात ओरडणारा, पश्चात्ताप करा म्हणणारा. त्याबद्दल थोडक्यात लिहिते. रोज एक वाक्य घेऊन गप्प बसायला लागलं की वर काय येतं ते आपल्या हातात राहत नाही. माझ्या मनात जाऊबाईबद्दल केवढा मत्सर साचला होता ते मला त्या आठवड्यात दिसलं. तिला दोन मुलं, दोन्ही वेळेला सहज. ती माझ्याशी कायम चांगलीच वागली आणि मी तिच्या प्रत्येक वाक्यात टोमणा शोधत होते. हे मी कन्फेशनला सांगितलं, मग तिलाही सांगितलं, कलकलच्या पिठाची गोळी काट्यावर वळता वळता. ती काही बोलली नाही, पिठाचा हात तसाच माझ्या पाठीवर ठेवला.

८ डिसेंबरला मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण. शुभवर्तमान गब्रिएल दूताचं, त्यात शेवटी आहेच की देवाला काहीच अशक्य नाही. ते वाक्य आलं आणि मागच्या बाकावरच्या एका मावशींनी माझा खांदा दाबला. प्रेमानेच दाबला, त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मला चर्चमधून पळून जावंसं वाटलं. देवाला अशक्य नाही हे मला मान्य आहे, मग माझ्याच बाबतीत काय, हा प्रश्न अशा वेळी कोणापुढे ठेवायचा?

तो कोणापुढे ठेवायचा ते ११ तारखेला कळलं.

तिसरा रविवार आनंदाचा असतो, जांभळ्याऐवजी गुलाबी, फादर गुलाबी झगा घालतात. पहिलं वाचन यशया संदेष्ट्याचं, ओसाड रान फुलेल. दुसरं याकोबाचं, शेतकरी जमिनीच्या मोलवान पिकाची वाट बघतो, पहिला पाऊस आणि शेवटचा पाऊस मिळेपर्यंत धीर धरतो. आणि शुभवर्तमान मत्तयच्या ११ व्या अध्यायाचं. योहान तुरुंगात आहे. ज्याने आयुष्यभर सांगितलं की तो येतोय, यार्देन नदीत ज्याने त्याचा बाप्तिस्मा केला, तोच आता आपले शिष्य पाठवून विचारतो, जो येणार आहे तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी?

हे मी किती वेळा ऐकलं असेल. पण त्या रात्री रिबनवाली मेणबत्ती पेटवून आम्ही तेच पुन्हा वाचलं आणि मी तिथेच अडकले, कारण ही तर प्रार्थना आहे. योहान शंका मनात ठेवत नाही, दुसऱ्याकडे जाऊन कुजबुजतही नाही, ज्याच्याबद्दल शंका आहे त्यालाच निरोप पाठवतो. आणि येशू त्याच्यावर रागवत नाही. उलट लोकांना सांगतो की स्त्रियांपासून जन्मलेल्यांत योहानापेक्षा मोठा कोणी नाही, आणि हे त्याने ती शंका ऐकल्यानंतर म्हटलंय.

त्याचं उत्तर पण नीट वाचा. हो मीच तो, असं तो म्हणत नाही. आंधळे बघतात, पांगळे चालतात, बहिरे ऐकतात, गरिबांना शुभवर्तमान सांगितलं जातं, असं सांगतो. हे शब्द यशयाचे आहेत. पण यशयाच्या ६१ व्या अध्यायात याच यादीत बंदिवानांची सुटका पण आहे, आणि तुरुंगातल्या माणसाला निरोप पाठवताना येशू नेमकं तेवढंच घेत नाही. योहान सुटला नाही. पुढे त्याचं शिर तबकात आणलं गेलं. म्हणजे त्याला उत्तर मिळालं, खरं मिळालं, पण त्याला हवं असेल ते नाही मिळालं, आणि तरी जो माझ्याविषयी अडखळत नाही तो धन्य, हे शेवटचं वाक्य त्याच्यासाठीच होतं. मला त्या रात्री रडू आलं, सात वर्षांत पहिल्यांदा प्रार्थनेत रडू आलं. त्या दिवसापासून माझं वाक्य तेच राहिलं. तूच का? रोज तेच. मागणं नाही, आभार नाहीत, नुसतं तूच का, आणि मग गप्प.

ज्यांना आगमनकाळात प्रार्थना जमत नाही त्यांना मी आजही हेच सांगते, तिथून सुरुवात करा, मत्तय ११. माझ्यापुरतं तरी, विश्वास आधी घट्ट करून मग देवापुढे जायचं हे जमलंच नसतं.

१७ तारखेपासून सात दिवस संध्याकाळच्या प्रार्थनेत मरियेच्या गीताआधी (माझा जीव प्रभूला थोर मानतो, तेच) रोज एक वेगळी हाक असते, फार जुनी, लॅटिनमधली, शेकडो वर्षं मठांतून म्हणतात. प्रत्येक हाक ‘हे’ने सुरू होते आणि शेवटाकडे ‘ये’ म्हणते. हे ज्ञाना, ये. हे प्रभो, ये. हे इशायच्या (दाविद राजाच्या बापाच्या) मुळा, ये. मग दाविदाची किल्ली, उगवता प्रकाश, राष्ट्रांचा राजा आणि २३ ला इम्मानुएल. लॅटिनमधली या सात नावांची पहिली अक्षरं शेवटाकडून वाचली तर एरो क्रास असे दोन शब्द होतात, म्हणजे उद्या मी असेन. ते फादरांनी सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला, सात दिवस इकडून ये ये म्हणत राहायचं आणि त्याच हाकांच्या आत त्याचं उत्तर आधीपासून लिहिलेलं.

१९ तारीख सोमवार होती. सकाळी गाडीत वसईच्या पुढे मी फोनवर वाचन उघडलं. पहिलं शास्ते पुस्तकातलं, मानोहाची बायको, वांझ, तिला दूत सांगतो तुला मुलगा होईल, तो शमशोन. शुभवर्तमान लूकचं, जखऱ्या आणि अलीशिबा, दोघं म्हातारे, मूल नाही. एकाच दिवशी दोन्ही. मी फोन पर्समध्ये टाकला. भाईंदरला परत काढला. खरं सांगते, या गोष्टी मला कधीच दिलासा देत नव्हत्या, शेवटी प्रत्येकीला मूल होतंच की. पण या वेळी मी अलीशिबेऐवजी जखऱ्याकडे बघितलं. दूत त्याला म्हणतो तुझी विनंती ऐकली गेली आहे, आणि त्याला ते खरंच वाटत नाही. इतकी वर्षं मागून मागून माणूस असा होतो, ऐकलं गेलं असं कोणी सांगितलं तरी विश्वास बसत नाही. मग तो मुका होतो, मूल होऊन त्याचं नाव ठेवेपर्यंत. सगळे त्याला शिक्षा म्हणतात. मला आमच्या घरातला मुका माणूस आठवला, जो २७ नोव्हेंबरपासून रोज साडेआठला माझ्या बाजूला मांडी घालून बसत होता, एक शब्द न बोलता, मी भांडी घासायला उठले त्या दिवशी पण तो तिथेच बसून राहिला होता. त्याचं काय चाललंय हे मी एकदाही विचारलं नव्हतं. सात वर्षांत त्याच्या दुःखाला जागाच दिली नव्हती, इंजेक्शनं मला होती ना.

त्या दिवशीची हाक इशायच्या मुळाची. यशया म्हणतो इशायच्या बुंध्याला धुमारा फुटेल. संध्याकाळी माहेरी डोकावले तर पप्पा वाडीत केळ कापत होते. तुम्ही कधी बघितलंय का माहीत नाही, केळ आडवी कापली की तासाभरात त्या कापाच्या बरोबर मधून पांढरट कोंभ बोटभर वर येतो, चक्क डोळ्यांदेखत. लहानपणी आम्ही भावंडं त्याभोवती बसून राहायचो. मी पप्पांना म्हटलं, पप्पा, यशया हेच सांगतो. पप्पा कोयती पुसत म्हणाले, "तो वरचा कोंभ राहत नाही गं, सुकतो. राहतं ते बाजूचं मुनवं, कंदातून फुटलेलं पिल्लू. पण कंद तोच."

घरी आल्यावर मी नवऱ्याला ते सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "मुनवं बाजूलाच येतं, हे आपल्याला माहीतच होतं की." तेवढंच. मला वाटतं दत्तक घ्यायचा विचार आमच्या घरात त्या रात्री आला, कोणी तो शब्द उच्चारला नाही तरी.

२१ ला उगवत्या प्रकाशाची हाक, आणि ती तर वर्षातली सगळ्यात मोठी रात्र, ज्यांनी हा क्रम लावला त्यांनी काय विचार केला असेल. त्या दिवशी आम्ही लाईट बंद करून चारही मेणबत्त्यांच्या उजेडात बसलो. जांभळी पहिली मेणबत्ती जळून बोटभर उरली होती, चौथी अजून उंच होती, पायऱ्यांसारख्या दिसत होत्या. सुरूच्या सुया वाळून टेबलावर पडल्या होत्या.

आता याला काही वर्षं होऊन गेली. मूल झालेलं नाही. दत्तक देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या, काराच्या पोर्टलवर आमचं नाव आहे, नंबर अजून लागायचाय. दर आगमनकाळात आम्ही बसतो, काही दिवस चुकतात, काही दिवस नुसतंच बसणं होतं. तूच का हे वाक्य काही वर्षी पुन्हा काढावं लागतं.

पण त्या २४ तारखेचं सांगायचं राहिलं. मध्यरात्रीची मिस्सा आटपून घरी यायला दीड वाजला. थंडी होती, दवाने अंगण ओलं. आमच्याकडे रीत अशी की घरातल्या सगळ्यात लहान माणसाने बाळ येशू गव्हाणीत ठेवायचा. पण पुतणी दिराच्या खांद्यावर गाढ झोपलेली, उठवली तरी उठेना. सासूबाईंनी कपाटातून कापसात गुंडाळलेली ती मूर्ती काढली, माझ्या सासऱ्यांच्या आईच्या वेळची, एका हाताची करंगळी तुटलेली, आणि सरळ माझ्या हातात दिली. "तू ठेव," म्हणाल्या.

मी वाकले. गव्हाणीत २८ काड्या होत्या आणि त्यांच्यावर एक छोटा रुमाल चार घड्या घालून अंथरलेला होता, फुलं काढलेला, शाळेत न्यायचा. पेंढा टोचेल म्हणून मुलीने मिस्सेला जायच्या आधी कधीतरी घालून ठेवला होता, कोणाला न सांगता. मी मूर्ती त्यावर ठेवली. हात लगेच काढवेना.

सगळे झोपायला गेले. आम्ही दोघं तिथेच बसलो, सवयीने. मेणबत्त्या संपल्या होत्या, चक्र नुसतं काड्यांचं राहिलं होतं. मी वाचनाचं पुस्तक मिटलं. नवऱ्याने ते माझ्या मांडीवरून उचललं, पानं चाळली आणि म्हणाला, "उद्या काय वाचायचं? उद्या मी वाचतो."